आधी वावर, मग घंटागाडी

घरातला ओला कचरा नगरपरिषदेनं वेगळा उचलावा की नाही, हा वाद कागदावर केव्हाच मिटला आहे. ८ एप्रिल २०१६ रोजी केंद्र सरकारनं घनकचरा व्यवस्थापनाचे नियम जाहीर केले. ओला, सुका आणि घरगुती घातक कचरा घरातच वेगळा ठेवणं नागरिकावर, आणि तो वेगळाच गोळा करणं स्थानिक संस्थेवर बंधनकारक झालं. त्याआधीचे नियम २००० सालचे, आणि वर्गीकरणाचा आग्रह त्यांतही होता. म्हणजे पाव शतक आपण हे ऐकत आलो. तरी विदर्भातल्या कुठल्याही लहान शहरात सकाळी घंटागाडीच्या मागं दोन गल्ल्या चाललं, तर बहुतेक ठिकाणी एकच दृश्य दिसतं. गाडीला हिरवा आणि निळा असे दोन कप्पे असतात, दोन्हींत सारखाच माल पडतो, आणि ज्या एखाद्या बाईनं दोन बादल्या निराळ्या ठेवल्या असतील तिच्या डोळ्यांदेखत त्या एकत्र रिकाम्या होतात. दुसऱ्या आठवड्यात तीही एकच बादली ठेवू लागते.

म्हणून नियम आहे की नाही हा प्रश्न बाजूला ठेवून अमरावती जिल्ह्यातल्या धामणगाव रेल्वेसारख्या, विसेक हजार वस्तीच्या आणि 'क' वर्ग नगरपरिषदेच्या गावानं ओल्या कचऱ्यासाठी खरोखर पैसा, माणसं आणि मन घालावं का, हे विचारायला हवं. माझं उत्तर हो असं आहे. पण हे काम आजवर ज्या टोकाकडून सुरू होत आलं, ते टोक चुकलं, असंही मला वाटतं. आधी गाडी घेतात, मग बादल्या वाटतात, मग भिंती रंगवतात, आणि सगळं झाल्यावर खताचं काय करायचं ते बघू म्हणतात. तयार होणारं खत कुणाच्या वावरात पडणार हे आधी ठरलं पाहिजे. ते ठरलं तर बाकीच्या पायऱ्या आपोआप सरळ होतात, आणि ते ठरलं नाही तर कितीही गाड्या घेतल्या तरी त्या कचरा डेपोवरच जातात.

हे मी धामणगावबद्दलच का म्हणतो, त्याला या गावाचा जन्म कारण आहे. १८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली गेलं. पुढच्या दशकात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिथला कापूस अडला आणि लँकेशायरच्या गिरण्यांची नजर आपल्या काळ्या मातीवर स्थिरावली. १८६७ मध्ये मुंबईहून निघालेला लोहमार्ग नागपूरला पोचला. त्या मार्गावरचं हे स्टेशन यवतमाळसारख्या रुळांपासून दूर राहिलेल्या भागाचं दार झालं. कापसाच्या बंड्या इथं येऊन रित्या व्हायच्या. जिनिंग आले, प्रेस आले, तेलाच्या गिरण्या आल्या, अडते आणि दलाल आले, बाजार भरला. हे गाव शेतमाल बाहेर पाठवण्यासाठीच वाढलं.

कापसाची गंमत अशी की रुई म्हणजे जवळजवळ निव्वळ सेल्युलोज. ती मँचेस्टरला गेली तरी मातीचं फारसं काही जात नव्हतं. मातीतला नत्र आणि स्फुरद होता तो सरकीत. सरकीचं तेल निघे, ढेप गावातच राही, ती गाय-बैल खात आणि त्यांचं शेण उकिरड्यावरून पुन्हा वावरात जाई. माल बाहेर जात असतानाही एक फेरा गावातल्या गावात पूर्ण होत होता. आज हा फेरा तुटला आहे. जवळच्या तळेगाव दशासरच्या शंकरपटाला, म्हणजे बैलांच्या शर्यतीला, अजून गर्दी लोटते, पण घरोघरचे कोठे रिकामे झाले. ट्रॅक्टर आला, चारा महागला, गुरं राखायला माणूस मिळेना. शेणखताची ट्रॉली आता हजारांत मोजावी लागते आणि तेवढे मोजूनही वेळेवर मिळत नाही. सोयाबीन आलं, तेही दाण्याच्या रूपानं बाहेर जातं, आणि त्या दाण्यात प्रथिनं, म्हणजे नत्र, ठासून भरलेला असतो. मृदा आरोग्य पत्रिका काढून पाहावी. सेंद्रिय कर्ब अर्ध्या टक्क्याच्या खाली असेल तर जमीन 'कमी' गटात धरतात, आणि आपल्या कोरडवाहू पट्ट्यात हा शेरा मिळालेला शेतकरी शोधायला लांब जावं लागत नाही. कर्ब घटला की माती पाणी धरत नाही. दोन पावसांमधला खंड मग अधिक जाचतो. पेरणी उलटली की दोष पावसाच्या माथी मारला जातो, आणि काही अंशी तो खराही असतो. पण मातीनं चार दिवस जास्त तग धरला असता तर काय झालं असतं, हे आपण विचारत नाही.

आता गावाकडं पाहा. त्याच वावरातून आलेली वांगी, मेथी, पालक, तूर, आणि वरूड-मोर्शीकडून आलेली संत्री गावात शिजतात, सोलली जातात, खाल्ली जातात. देठ, सालं, टरफलं, चहाचा चोथा, उष्टं-खरकटं बादलीत पडतं. पूर्वी याला कचरा म्हणायची पाळीच येत नसे. घरी नाहीतर शेजारी गाय होती, मागं परस होतं, परसात खड्डा होता. आता परसावर स्लॅब पडला आणि अंगणाला फरशी आली. आपल्याकडं अन्न वाया जातच नाही, मग गोळा काय करायचं, असं अजूनही अनेक मोठी माणसं म्हणतात. त्यांच्या घरापुरतं ते खरं असेलही. पण पोळी टाकणं आणि साल टाकणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत. काटकसरीनं चालणाऱ्या घरातही टरबुजाची साल, आंब्याची कोय, भेंडीची टोकं आणि कोबीचा दांडा उरतोच. आणि वैशाखातल्या लग्नाच्या पंगती, गणपती-देवीचे महाप्रसाद, आठवडी बाजार उठल्यावर मागं राहिलेला पाल्याचा थर, रसवंतीमागचा चिपाडाचा ढीग, हे कुणाच्या घरच्या काटकसरीनं कमी होत नाही.

मोजून पाहू. लहान शहरात माणशी दिवसाला २०० ते ३०० ग्रॅम कचरा धरण्याची पद्धत आहे. २५० ग्रॅम धरला तर वीस हजार वस्तीमागं रोज ५ टन. भारतीय शहरांत त्यातला निम्मा तरी ओला असतो, म्हणजे अडीच टन. वर्षाचा हिशेब नऊशे टनांच्या आसपास जातो. कुजताना यातलं पाणी आणि बराचसा कर्ब उडून जातो. खत म्हणून हाती चौथा हिस्सा लागला तरी दोनशे-सव्वादोनशे टन होतात. कोरडवाहू कपाशीला हेक्टरी ५ टन शेणखत किंवा कंपोस्ट द्यावं, अशी शिफारस असते. त्या हिशेबानं आपल्या गावाचा सगळा ओला कचरा मिळून चाळीस-पंचेचाळीस हेक्टर जमीन पोसेल. तालुक्याच्या एकूण पेऱ्यापुढं हे काहीच नाही, आणि ते लपवण्यात अर्थ नाही. कचऱ्याच्या खतानं वऱ्हाडची माती सुधारेल असं कुणी सांगत असेल तर त्यानं आधी गणित करावं. पण उलट बाजूनं पाहिलं तर हाच आकडा आशेचा आहे. इतक्या खताला गिऱ्हाईक म्हणून पंचवीस-तीस शेतकरी पुरेत. मुंबई-पुण्याला असं कधी म्हणता येणार नाही. तिथं खत तयार झालं तरी वावर कितीतरी दूर. इथं गावाची शीव ओलांडली की वावर लागतं.

हाच अडीच टन माल डेपोवर गेला तर काय होतं, तेही बारकाईनं पाहण्यासारखं आहे. मे महिन्यात आपल्याकडं पारा ४५ अंशांना टेकतो. सकाळी बांधलेली पिशवी संध्याकाळपर्यंत फुगते. आत प्राणवायू संपलेला असतो, आंबूस पाणी सुटतं, आणि ते पाणी प्लास्टिकला, कागदाला, कापडाला, सॅनिटरी पॅडला, बॅटरीच्या सेलला एकसारखं माखतं. जो कागद किलोवर विकला गेला असता तो कुणी घेत नाही. ढिगाच्या पोटात हवा नसल्यानं मिथेन तयार होतो. शंभर वर्षांच्या हिशेबात हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या पंचवीस-तीस पट तापवणारा, आणि पेटणाराही. कचऱ्याचे ढीग उन्हाळ्यात आपोआप धुमसताना दिसतात त्याचं एक कारण हे. मुंबईत १९२७ पासून चालत आलेल्या देवनारला जानेवारी २०१६ मध्ये अशी आग लागली की धूर दिवसेंदिवस शहरावर राहिला. अमरावतीचा सुकळी आणि अकोल्याचा नायगाव हे आपल्या जवळचे डेपो; तिथल्या रहिवाशांना या धुराची ओळख वेगळी करून द्यायला नको. डेपोचा सगळा उपद्रव, म्हणजे वास, माश्या, कुत्री, काळं पाणी आणि आग, मुळात ओल्या कचऱ्याचा आहे. कोरडं प्लास्टिक नुसतं पडून राहतं. तोही त्रासच, पण ते वास मारत नाही आणि स्वतःहून पेटत नाही. अडीच टन ओला माल बाजूला काढला की उरलेल्या अडीच टनांचा स्वभावच बदलतो. त्यातला बराचसा भंगारवाला घेऊन जाईल असा होतो.

खर्चाची बाजू मांडणाऱ्यांनी हा दुसरा फायदाही जमेस धरला पाहिजे. 'क' वर्ग नगरपरिषदेचं स्वतःचं उत्पन्न तुटपुंजं असतं. घरपट्टी आणि पाणीपट्टीची वसुली झाली तर पगार भागतात, हे मला मान्य आहे. पण मिसळलेला कचरा वाहून नेण्याचा खर्च आपण आजही करतो आहोत, डेपोसाठी जागा अडवतो आहोत, आणि साचलेले जुने ढीग उपसायला पुढं कधीतरी वेगळं कंत्राट द्यावं लागतं. आपण पाणी भरलेला माल डिझेल जाळून गावाबाहेर नेतो आणि पुरतो. वित्त आयोगाच्या अनुदानातला मोठा हिस्सा पाणी आणि स्वच्छतेसाठीच बांधील असतो. तो गाडीच्या लोखंडावर घालायचा की ढीग पलटणाऱ्या माणसाच्या मजुरीवर, हे ठरवणं सभागृहाच्या हातात आहे.

आता शेतकऱ्याकडं येऊ, कारण माझ्या म्हणण्याचा सगळा भार त्याच्यावर आहे. शहरी कंपोस्टचा प्रचार सरकारनं कमी केलेला नाही. २०१६ मध्ये केंद्रानं त्यासाठी टनामागं १५०० रुपये साहाय्य जाहीर केलं, आपल्या राज्यानं 'हरित महासिटी कंपोस्ट' या नावानं नगरपालिकांच्या खताला छापही दिली. तरी खत उचललं जात नाही अशी ओरड राहिलीच. याचं उत्तर मला एका कापूस उत्पादकाच्या हातात दिसलं. कुठल्याशा शहरातून आणलेल्या खताची गोणी त्यानं ओट्यावर पालथी केली. वरून रंग छान काळा, वासही मातीचा. त्यानं मूठ भरली, बोटांनी पसरली आणि एक एक जिन्नस वेगळा काढू लागला. शाम्पूच्या पुडीचा चकाकता कोपरा, बांगडीची काच, गुटख्याची चिमूटभर पुडी, दोरा, पेनाचं टोपण, आणि शेवटी एक गंजलेला सेल. मग मला म्हणाला, "हे खत नाई भाऊ, हा कचराच व्हय, चायनीतून काढेल." काच निंदणाऱ्या बायांच्या पायात जाते. पातळ प्लास्टिक वखराच्या पासेला गुंडाळतं आणि मातीत थर धरून पाणी अडवतं. सेलमधून उतरणारं कॅडमियम आणि शिसं डोळ्यांना दिसतच नाही. शहरी कंपोस्टच्या मानकात किलोला शिसं १०० मिलिग्रॅम आणि कॅडमियम ५ मिलिग्रॅम ही कमाल मर्यादा घालून दिली आहे ती उगाच नाही. एकदा फसलेला शेतकरी दुसऱ्यांदा फुकट दिलं तरी घेत नाही, आणि त्याचं बरोबर आहे.

मिसळलेला कचरा नंतर यंत्रानं चाळून खत करू, या योजनेचा शेवट त्या गोणीत होतो. खताची शुद्धता स्वयंपाकघराच्या ओट्याशी ठरते. पुढची कोणतीही चाळणी ती परत आणू शकत नाही. म्हणून वेगळं गोळा करणं हे स्वच्छतेच्या स्पर्धेतल्या गुणांपेक्षा शेतकऱ्याच्या पायाशी अधिक जोडलेलं आहे, आणि हे गावातल्या लोकांना समजावणं सोपंही आहे. शहरातल्या माणसाला कचरा कुठं जातो ठाऊक नसतं. धामणगावात ज्या घरात बादली भरते त्या घरातल्या कुणाचं ना कुणाचं, सासरी नाहीतर मामाकडं, वावर असतंच. तुमच्या बादलीतली ब्लेड तुमच्याच भाच्याच्या पायात जाईल, हे वाक्य भिंतीवरच्या शंभर घोषणांहून जास्त काम करील.

खत करण्याची विद्या बाहेरून आणायची गरज नाही, आणि मला या विषयात सर्वांत जास्त आशा इथंच वाटते. १९२४ ते १९३१ या काळात अल्बर्ट हॉवर्ड इंदूरच्या वनस्पती उद्योग संस्थेत होते. त्या संस्थेला पैसा पुरवणाऱ्यांत कापूस समिती होती, त्यामुळं हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांच्यापुढं पहिला प्रश्न होता पऱ्हाटीचा, म्हणजे कापसाच्या वाळल्या झाडाचा. ही काडी कठीण, लवकर कुजत नाही. त्यांनी ती शेतातल्या रस्त्यावर पसरली आणि बैलगाड्यांच्या चाकांखाली चिरडू दिली, मग शेण, मूत्रानं भिजलेली माती आणि इतर पाल्याबरोबर थरांत रचली. १९३१ मध्ये दोघांनी लिहिलेल्या पुस्तकातून ही इंदूर पद्धत जगभर गेली. कापसाच्या पट्ट्यात, कापसाच्या कामातून निघालेली रीत परदेशातल्या सेंद्रिय शेतीचा पाया ठरली. दुसरं उदाहरण तर शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यातलंच. पुसदच्या नारायण देवराव पांढरीपांडे यांनी, म्हणजे नाडेपकाकांनी, आपल्या नावाच्या आद्याक्षरांची जी पद्धत दिली तिची टाकी साधारण दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट उंच. विटांमध्ये हवेसाठी भोकं सोडलेली. आत चौदा-पंधराशे किलो काडीकचरा, शंभरेक किलो शेण, चाळलेली माती आणि पाणी, सगळं थरावर थर, आणि वरून लिंपण. तीन-चार महिन्यांत खत. यात शेण किती कमी लागतं ते बघा. गुरं कमी झालेल्या काळासाठीच जणू ती बांधली होती.

या दोन्ही पद्धतींत एक अडचण पाण्याची. ढीग कुजायला त्यात निम्म्याहून थोडं अधिक पाणी राहावं लागतं आणि आपल्याकडं उन्हाळ्यात प्यायच्या पाण्याची मारामार. स्वयंपाकघरातल्या कचऱ्याची अडचण नेमकी उलटी. त्यात सत्तर-ऐंशी टक्के पाणीच असतं, नत्र जास्त, म्हणून एकट्याचा ढीग घातला की तो गिळगिळीत होतो आणि सडतो. कुजवणाऱ्या जीवाणूंना एका भाग नत्रामागं पंचवीस-तीस भाग कर्ब हवा असतो. तो कर्ब आपल्या बांधावर पडून आहे. सोयाबीनचं कुटार, तुराट्यांचा चुरा, बारीक केलेली पऱ्हाटी. गावाच्या बादलीत पाणी आणि नत्र, शेताच्या बांधावर कर्ब. दोन्हींनी आपापलं वेगळं जाळायचं नाहीतर फेकायचं ठरवलं आहे. शिवाय पऱ्हाटीचा एक जुना हिशेब आहे. गुलाबी बोंडअळी उरलेल्या नख्यांत, वाळल्या बोंडांत दडून पुढच्या हंगामाची वाट बघते, म्हणून कृषी विभाग दरवर्षी फरदड नको, पऱ्हाटी शेतात ठेवू नका, असं सांगतो. शेतकरी ती बांधावर रचतो किंवा पेटवतो. यंत्रानं चुरा करून नीट रचलेल्या ढिगात घातली तर ढिगाच्या पोटातली उष्णता साठ अंशांपर्यंत जाते, आणि अळी त्यात टिकत नाही. पऱ्हाटी बारीक करणारं कुट्टी यंत्र हे माझ्या मते घंटागाडीइतकंच नगरपरिषदेच्या खरेदीच्या यादीत असायला हवं.

लहान नगरपरिषदेला हे झेपतं का, याचं उत्तर सिंधुदुर्गातल्या वेंगुर्ल्यानं दिलं आहे. वस्ती बाराएक हजार. रामदास कोकरे तिथं मुख्याधिकारी असताना कचरा घरोघरी वेगळा घेण्याची शिस्त बसली, ओल्याचा बायोगॅस आणि खत, प्लास्टिकचे तुकडे डांबरी रस्त्यात, आणि डेपोची जागा लोक बघायला येतील अशी झाली. तिथल्या यशाचं मर्म यंत्रात नव्हतं. मिसळलेला कचरा घेणार नाही, हा हट्ट न सोडण्यात होतं. पुढं कोकरे कर्जतला आणि नंतर कल्याण-डोंबिवलीला गेले, आणि २०२१ मध्ये तिथला आधारवाडीचा जुना डेपो बंद झाला. एका अधिकाऱ्याचं नाव घेताना मला या वाटेवरचा धोकाही दिसतो. बदली झाली की शिस्त ढिली पडते. कित्येक वर्षं प्रशासकांच्या हाती राहिलेल्या राज्यातल्या नगरपरिषदांना २०२५ च्या डिसेंबरात निवडून आलेली सभागृहं परत मिळू लागली. ओल्या कचऱ्याचं काम अधिकाऱ्याच्या उत्साहावर न सोडता ठरावानं, वॉर्डातल्या नगरसेवकाच्या जबाबदारीनं बांधून घ्यायची संधी आत्ता आहे.

उलटं उदाहरण छत्रपती संभाजीनगरचं. वर्षानुवर्षं शहराचा कचरा नारेगावला पडत होता. फेब्रुवारी २०१८ मध्ये गावकऱ्यांनी गाड्या अडवल्या. शहरातल्या रस्त्यांवर कचरा साचत गेला. दुसरी जागा शोधायला गाड्या मिटमिट्याकडं गेल्या, तिथं मार्चमध्ये दगडफेक आणि लाठीमार झाला. पोलीस आयुक्तांना सक्तीच्या रजेवर जावं लागलं, महापालिका आयुक्तांची बदली झाली. उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या लोकांनी पुण्याशी हाच झगडा कित्येकदा केला. या सगळ्या गावांचं म्हणणं एकच होतं, आणि ते न्यायाचं होतं: तुमचा कचरा आमच्या विहिरीत का? आपल्या गावाची हद्द वाढतेय, पलीकडून समृद्धी महामार्ग गेला आहे, जमिनीचे भाव चढले आहेत. उद्या डेपोशेजारचं खेडंही हेच विचारील.

एक गोष्ट या चर्चेत नेहमी मागं पडते. वर्गीकरण घरात झालं नाही म्हणून ते होतच नाही असं नाही. ते पुढं कुणाच्या तरी हातांनी होतं. गाडीवरचा कामगार चालता चालता पिशव्या फाडून बाटल्या वेगळ्या करतो, डेपोवर वेचक बाया आणि पोरं सडक्या भाजीत हात घालून प्लास्टिक काढतात. हे हात कोणत्या वस्त्यांतून येतात हे गावात सर्वांना माहीत असतं. पुण्यात १९९३ मध्ये बाबा आढाव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कागद-काच-पत्रा वेचणाऱ्यांची पंचायत उभी केली, तिच्यातून पुढं 'स्वच्छ' ही सहकारी संस्था झाली आणि त्याच बाया ओळखपत्र घेऊन दारोदार जाऊ लागल्या. त्यांची पहिली मागणी साधी होती, आम्हाला वेगळा करून द्या. गाडगेबाबांच्या जिल्ह्यात हे पुन्हा सांगावं लागू नये. शेंडगावच्या त्या माणसानं स्वतः खराटा हाती घेतला होता. आपण निदान आपल्या घरातलं खरकटं आणि आपल्या घरातलं पॅड एकाच पिशवीत दुसऱ्याच्या हाती देऊ नये. माझ्यापुरता हा मुद्दा मिथेन आणि सेंद्रिय कर्ब या दोन्हींहून वजनदार आहे.

गाडीची गरजच नाही, ज्याचा कचरा त्यानं घरीच जिरवावा, असा एक पक्ष आहे, आणि तो मला आदराचा वाटतो. ज्याच्याकडं परस आहे त्यानं खड्डा करावा, पुणे महापालिका गांडूळखताला मालमत्ता करात सवलत देते तशी आपल्याकडंही द्यावी. पण सगळा भार यावर टाकता येत नाही. भाड्याच्या दोन खोल्यांत राहणाऱ्याला परस नाही, बाजारातल्या हॉटेलवाल्याला नाही, मंगल कार्यालयाला तर नाहीच. दक्षिण कोरियानं २००५ मध्ये अन्नकचरा जमिनीत पुरण्यावर बंदी घातली आणि २०१३ पासून वजनावर पैसे आकारले, तेव्हा कुठं जवळजवळ सगळा अन्नकचरा पुन्हा वापरात आला. आपल्याला घरोघर वजन करायचं नाही, पण पंगतीवर ते करता येईल: मंगल कार्यालयानं आणि भोजनालयांनी ओला माल वेगळा दिला नाही तर किलोमागं आकार, आणि वेगळा दिला तर माफ. बायोगॅसबद्दल मी एवढंच म्हणेन की इंदूरला २०२२ मध्ये सुरू झालेला ५५० टनांचा प्रकल्प पाहून आपण अडीच टनांचा तसाच बांधायला जाऊ नये. संयंत्र सांभाळणारा तंत्रज्ञ लहान गावात टिकत नाही. टाकी रचणारा मजूर आपल्याकडं आहे.

काम कुठून धरावं? नगरपरिषदेनं पहिल्या वर्षी वीस शेतकऱ्यांशी लेखी बोलणं करावं. ते कुटार आणि पऱ्हाटी देतील, त्या बदल्यात खत घेतील, आणि प्रत्येक ढिगाची मूठ ते स्वतः पसरून बघतील. काच निघाली तर तो ढीग नाकारण्याचा हक्क त्यांना असावा. त्यांच्या तक्रारी ज्या वॉर्डाच्या मालावर येतील त्या वॉर्डात दुसऱ्या दिवशी नगरसेवकानं गाडीबरोबर फिरावं. गाडी रोज यावी आणि ठरल्या वेळी यावी, कारण मे महिन्यात एक दिवस चुकलेली ओली बादली माणसाला कायमची या कामापासून तोडते. सुरुवात बाजार, हॉटेलं आणि कार्यालयांपासून करावी, तिथं थोड्या दारांत बराच माल मिळतो. मग दोन वॉर्ड, मग गाव. कापसाची शेवटची वेचणी उरकून पऱ्हाटी जानेवारीत मोकळी होते. माघात रचलेला ढीग साडेतीन-चार महिन्यांत, म्हणजे मृगाच्या आधी, वावरात पसरण्याजोगा होतो. त्यासाठी कुट्टी यंत्राची आणि टाक्यांची तरतूद आदल्या फेब्रुवारीच्या अर्थसंकल्पात व्हावी लागेल, टाक्या दिवाळीपर्यंत बांधून व्हाव्या लागतील, आणि त्या वीस शेतकऱ्यांची नावं त्याही आधी ठरावाच्या मागं जोडलेली असावी लागतील.